सभेत ठरवण्यासारखं काहीतरी ठेवा

वाचकाचं पत्र

"तालुक्याच्या गावी मुलींचं वसतिगृह चालवणाऱ्या एका संस्थेची मी दोन वर्षांपासून कार्यवाह आहे. नोकरी बँकेत, संस्थेचं काम संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी करते. आम्ही ११ विश्वस्त आहोत. दर दोन महिन्यांनी रविवारी चार वाजता अध्यक्षांच्या घरी सभा असते, ती पावणेपाचला सुरू होते. मागच्या सभेचं इतिवृत्त अक्षरन् अक्षर वाचलं जातं, मग खजिनदारकाका दोन महिन्यांची व्हाउचरं एकेक करून वाचतात. अध्यक्ष अण्णा ८२ वर्षांचे आहेत. कोणताही विषय निघाला की ते संस्थेच्या सुरुवातीच्या दिवसांत जातात. चार-पाच जण सभाभर एक शब्द बोलत नाहीत. मग चहा आणि बटाटेवडे येतात आणि खरे विषय शेवटच्या दहा मिनिटांत 'आयत्या वेळचे विषय' म्हणून उरकले जातात. दोघं तर येतच नाहीत, नंतर वहीत सही करतात. यंदा ७२ पैकी १६ जागा रिकाम्या आहेत आणि त्यावर आमची धड चर्चासुद्धा झालेली नाही. एका शिबिरात मला सभेच्या सुरुवातीला खेळ घ्यायला सांगितलं होतं. अण्णांसमोर ते कसं जमणार? आमच्या सभा जिवंत कशा करायच्या? की मीच हे पद सोडावं?"

— एक कार्यवाह

ताई, नमस्कार.

खेळाचं मनातून काढून टाका. तुमच्या मंडळातली माणसं मुळात कंटाळवाणी नाहीत. कुणी दवाखाना चालवत असेल, कुणी शेती, कुणी दुकान, कुणी निवृत्त मुख्याध्यापक असेल. ही सगळी माणसं आठवडाभर स्वतःच्या व्यवहारात अवघड निर्णय घेतात. रविवारी चार वाजता तुमच्याकडे येतात तेव्हा मात्र त्यांच्यापुढे ठरवायला काही नसतं. दोन महिन्यांत काय झालं ते ऐकायचं, मान डोलवायची, सही करायची. अशा बैठकीत हुशार माणूस गप्प बसतो, आणि काही दिवसांनी येईनासा होतो. तुमच्याकडच्या त्या दोन विश्वस्तांच्या न येण्याचं कारण हेच असावं, असं मला वाटतं.

१६ जागा रिकाम्या असल्याचं तुमच्या पत्रात अगदी शेवटाकडे आलं आहे. सभेतही ते शेवटीच येत असणार. मला विचाराल तर तुमच्या संस्थेपुढचा या वर्षीचा सगळ्यात मोठा प्रश्न तोच आहे आणि पुढची अख्खी सभा त्याच्याभोवती बांधायला हवी.

सुरुवात विषयपत्रिकेपासून करा. आपल्याकडच्या विषयपत्रिका वर्षानुवर्षं एकाच साच्यातून निघतात: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, जमाखर्चास मंजुरी देणे, वसतिगृहाबाबत विचारविनिमय करणे, आयत्या वेळी येणारे विषय मा. अध्यक्षांच्या परवानगीने. यातलं 'वसतिगृहाबाबत विचारविनिमय करणे' हे वाचून कुणी घरून काय विचार करून येणार? त्याऐवजी लिहा: "७२ पैकी १६ जागा रिकाम्या आहेत. पुढच्या जूनमध्ये त्या भरण्यासाठी शुल्क, जाहिरात आणि प्रवेशाचे नियम यांत काय बदल करायचा? आज निर्णय हवा. वेळ ४० मिनिटं." वाचणाऱ्याला कळतं की आपल्याकडून काय हवं आहे, कधी हवं आहे आणि न बोलल्यास काय होणार आहे. प्रत्येक विषयाच्या पुढे एक शब्द लिहीत चला: माहिती, चर्चा किंवा निर्णय. निर्णयाचे विषय सभेच्या पहिल्या तासात ठेवा, माणसं ताजी असतात तेव्हा.

आयत्या वेळच्या विषयांत पैशाचा, नेमणुकीचा किंवा मालमत्तेचा एकही विषय घेऊ नका. ज्यांना तो विषय येणार हे आधी माहीत नव्हतं, त्यांच्यावर तो अन्याय आहे. जे आलेच नाहीत त्यांच्यावर तर दुप्पट अन्याय आहे. पुढे तो ठराव कुणी आव्हानित केला, तर पहिला प्रश्न हाच विचारला जातो की विषय नोटिशीत होता का.

मोठ्या विषयासाठी एक पानाची टिपण सभेच्या आठ दिवस आधी सगळ्यांच्या हातात पडू द्या. छापून. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली पीडीएफ तुमच्या वयाची माणसं उघडतील, अण्णांच्या वयाची उघडतीलच असं नाही. या टिपणात तुमचं मत लिहू नका, वस्तुस्थिती लिहा. गेल्या पाच वर्षांत जूनमध्ये किती मुली आल्या? मधेच किती सोडून गेल्या आणि का? रिकाम्या जागा अकरावी-बारावीच्या मुलींच्या आहेत की पदवीच्या? मुली कोणत्या गावांहून येतात आणि कोणत्या गावांहून यायच्या थांबल्या? हे सगळं तुमच्या प्रवेशाच्या रजिस्टरात पडलेलं आहे, फक्त कुणी एका पानावर आणलेलं नाही.

हे पान तयार करताना बाहेरही जरा बघा. बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा पास मोफत आहे आणि मार्च २०२३ पासून सगळ्याच स्त्रियांना एसटीचं तिकीट अर्धं झालं आहे. जिथे सकाळची गाडी वेळेवर येते, तिथल्या आईवडिलांनी मुलीला घरीच ठेवून ये-जा करायला लावणं स्वाभाविक आहे. उलट बाजूला, २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या, ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शुल्कमाफी मिळाली आहे. म्हणजे पूर्वी ज्या मुली बारावीनंतर थांबल्या असत्या, त्यातल्या काही आता नर्सिंग, फार्मसी, अभियांत्रिकीला जाणार. त्यांचं कॉलेज तुमच्या तालुक्यात असलं, तर राहायचं कुठे हा प्रश्न त्यांनाही आहे. तुमचं वसतिगृह शाळा-कॉलेजच्या मुलींसाठी बांधलं गेलं, आणि गरज मात्र दुसऱ्याच मुलींकडे सरकली, असं झालं आहे का? मला हे ठाऊक नाही. तुमच्या मंडळाने शोधायचं ते हेच आहे, आणि हा शोध इतका जिवंत आहे की त्यासाठी कुणाला जागं करावं लागणार नाही.

आता अण्णा.

पत्रात तुम्ही त्यांच्याबद्दल एकही कडू शब्द लिहिलेला नाही, हे मला फार आवडलं. त्यांच्या आठवणी ही सभेतली अडचण समजू नका. त्या चुकीच्या वेळी बाहेर पडतात, एवढंच आहे. ज्या माणसाने दारोदार जाऊन मुष्टिफंडाचं, म्हणजे घराघरातून मूठ-मूठ दिलेलं, धान्य गोळा केलं असेल, पहिल्या मुलींच्या आईवडिलांना हातापाया पडून तयार केलं असेल, त्याला व्हाउचरांच्या वाचनात स्वतःची जागा कुठेच सापडत नाही. मग तो तिथे जातो जिथे त्याची जागा होती.

त्यांना आजच्या प्रश्नात जागा करून द्या. सभेच्या चार दिवस आधी त्यांच्या घरी जा, एकट्या, कागद घेऊन. "अण्णा, १६ जागा रिकाम्या आहेत. सुरुवातीला मुली मिळत नव्हत्या तेव्हा तुम्ही लोकांनी काय केलं होतं? कोणत्या गावांत गेला होतात, कुणाला धरलंत?" असं विचारा आणि लिहून घ्या. त्यात तुम्हाला उपयोगी पडेल असं नक्की काहीतरी निघेल. मग म्हणा की सभेत हा विषय तुम्हीच मांडा, पाच मिनिटांत, आणि मग सगळ्यांना बोलू द्या, तुमचं मत शेवटी सांगा. अध्यक्षांनी मत शेवटी सांगायचं, हा मुद्दा सोडू नका. आपल्याकडे वडीलधाऱ्या माणसाने आधी मत दिलं की बाकीच्यांचं बोलणं तिथेच संपतं. कुणी घाबरून गप्प बसतो असं नाही, आदराने बसतो. परिणाम तोच.

आणि त्यांच्या सगळ्या आठवणींसाठी एक वेगळी संध्याकाळ ठेवा. वर्धापनदिनाला मुलींसमोर त्यांना बोलवा, फोनवर ध्वनिमुद्रण करा, एका मुलीला ते उतरवून काढायला सांगा. महाराष्ट्रातल्या वसतिगृहांचा इतिहास मोठा आहे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभं केलं, साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये वेगवेगळ्या जातींची मुलं एका छपराखाली, एका पंगतीत आणली. त्या मोठ्या नावांच्या मागे तालुक्या-तालुक्यांत अण्णांसारखी माणसं उभी राहिली, आणि त्यांची हकीकत कुठेच छापली गेलेली नाही. अण्णांच्या हयातीत ती लिहून घेणं हेही संस्थेचंच काम आहे. या दोन्ही ठिकाणच्या संस्थापकांनी एकच प्रश्न विचारला होता: शिकायला आलेल्या मुलाने राहायचं कुठे? तुमच्या सभेनेही तोच विचारायचा आहे, आजच्या मुलींबद्दल. अण्णांना हे असं सांगितलंत, तर ते तुमच्या बाजूने उभे राहतील.

गप्प बसणाऱ्यांकडे येते. एक साधी पद्धत मी अनेक संस्थांत वापरलेली पाहिली आहे आणि ती जवळजवळ नेहमी चालते. मोठा विषय मांडून झाला की लगेच चर्चा सुरू करायची नाही. प्रत्येकाला एक कोरा कागद द्यायचा आणि तीन मिनिटं आपलं मत दोन ओळींत लिहायला सांगायचं. मग सगळ्यात नव्या सदस्यापासून सुरू करून एकेकाने ते वाचायचं. मधे कुणी बोलायचं नाही. पूर्ण फेरी झाल्यावरच चर्चा. जो माणूस सभेत तोंड उघडत नाही, तो लिहिलेलं मात्र वाचतो. आणि अकरा मतं एकामागून एक कानावर पडली की मंडळाला स्वतःचंच आश्चर्य वाटतं. कागद आणि पेन यांखेरीज याला काही लागत नाही, आणि अण्णांच्या दिवाणखान्यातही हे शोभतं.

तुमच्याखेरीज मंडळात आणखी कुणी बाई असेल, तर एक गोष्ट बघा. तिला फक्त स्वयंपाकघर, सामान आणि हळदीकुंकवाबद्दलच विचारलं जातं का? असं असलं तर पुढच्या वेळी ठेवींचा विषय तिच्याकडे अभ्यासाला द्या.

मला वाटतं, गप्प बसण्याचं याहून खोल कारण एक आहे. बऱ्याच विश्वस्तांनी वसतिगृह आतून पाहिलेलं नसतं. वर्षातून एकदा झेंडावंदनाला येऊन गेलेला माणूस पाण्याच्या टाकीबद्दल किंवा अभ्यासिकेतल्या दिव्यांबद्दल काय बोलणार? त्यामुळे दर सभेच्या आधी दोन विश्वस्तांनी पाळीपाळीने वसतिगृहात मुलींच्या पंगतीला जेवावं, असा पायंडा पाडा. मुलींचं वसतिगृह आहे, तेव्हा दिवस आधी कळवून, अधीक्षिका हजर असताना, जेवणाच्या दालनापुरतंच. खोल्यांकडे फिरकायचं नाही. सभेत त्या दोघांनी पाच मिनिटं फक्त जे पाहिलं आणि ऐकलं ते सांगायचं, सल्ला द्यायचा नाही. एखादी सभाही वसतिगृहातच घ्या, दुपारी मुलींची जेवणं झाल्यावर त्याच टेबलांवर बसून. बंगल्यातल्या सोफ्यावर बसून पाण्याच्या टंचाईवर बोलणं आणि मुलींच्या भरलेल्या बादल्यांच्या रांगेशेजारी बसून बोलणं यांत फरक पडतो.

अधीक्षिकेला सभेला बोलवता का? बऱ्याच संस्थांत तिला काही चुकलं तरच आत बोलावतात, तोवर ती बाहेरच्या बाकावर बसलेली असते. रिकाम्या जागांच्या विषयाला तिला पहिल्यापासून बसवा आणि पहिलं बोलणं तिचं ठेवा. कोणती मुलगी का गेली हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नसणार. तिच्या पगाराचा, रजेचा किंवा तक्रारीचा विषय आला की तिने बाहेर जावं, हे ओघानेच आलं.

खजिनदारकाकांचं मन जपून एक बदल करावा लागेल. ते प्रत्येक व्हाउचर वाचतात त्यामागे प्रामाणिकपणा आहे. 'मी काही लपवलं नाही' हे त्यांना सगळ्यांसमोर सांगायचं असतं. तो मान तसाच ठेवा आणि वाचन थांबवा. व्हाउचरांची फाइल सभेच्या अर्धा तास आधी टेबलावर उघडी ठेवा, ज्याला बघायचं त्याने बघावं. सभेत काकांनी एक पान द्यायचं. आरंभीची शिल्लक, जमा, खर्च, अखेरची शिल्लक. अंदाजपत्रकात धरलेल्या रकमेपेक्षा कुठे जास्त गेलं आणि का. कोणत्या ठेवीची मुदत कोणत्या तारखेला संपते. आणि शेवटी त्यांना स्वतःला काळजी वाटणारी एक बाब. हे शेवटचं ते आनंदाने सांगतील, कारण आजवर त्यांना कुणी विचारलेलंच नसणार.

पैशाच्या विषयाला वेळेचं भान हवं. हिशेब ३१ मार्चला बंद होतात आणि त्यापुढच्या सहा महिन्यांत लेखापरीक्षण व्हावं लागतं. आयकराची सवलत टिकवायची तर वर्षाच्या उत्पन्नातला किमान ८५ टक्के भाग त्याच वर्षी संस्थेच्या उद्दिष्टांवर लागावा लागतो, नाहीतर तो पुढे राखून ठेवण्यासाठी ठराव करून रीतसर कळवावं लागतं. हे ऑगस्टमध्ये सीएंच्या कार्यालयात बसून कळण्यात काही अर्थ नाही. जानेवारीच्या सभेत काकांनी सांगायला हवं की आतापर्यंत किती खर्च झाला, किती राहिला. मग उरलेल्या पैशातून टाकी आधी की सौर गरम पाण्याची सोय आधी, यावर मंडळाने बोलावं. प्रवेशाचंही तसंच. दहावी-बारावीचे निकाल लागून मुली जूनमध्ये दारात येतात, म्हणून शुल्क आणि प्रचार यांचा निर्णय फार तर फेब्रुवारीपर्यंत व्हायला हवा. तुमच्या सहा सभांचं वर्षाचं वेळापत्रक असं एकदा मांडून टाका. कोणत्या महिन्यात कोणता निर्णय अटळ आहे हे ठरलं की विषयपत्रिका अर्धी तयारच असते.

इतिवृत्ताचं वाचन बंद करणं सोपं आहे. ते सभेनंतर तीन दिवसांत सगळ्यांना पाठवा, दुरुस्त्या लेखी मागवा, पुढच्या सभेत "दुरुस्तीसह कायम" एवढंच. पण इतिवृत्त लिहिता कसं, याकडे माझं जास्त लक्ष आहे. "याबाबत योग्य ती कार्यवाही करावी" आणि "याबाबतचे सर्वाधिकार कार्यवाहांना देण्यात येत आहेत" ही दोन वाक्यं तुमच्या वहीत किती वेळा आहेत ते मोजा. तुमच्या थकव्याचं मूळ तिथे सापडेल. मंडळाने स्वतः काहीही अंगावर न घेता सगळं तुमच्या पदरात टाकण्याची ती रीत आहे. यापुढे प्रत्येक ठरावाखाली तीन गोष्टी लिहा: काय करायचं, कुणी करायचं, कोणत्या तारखेपर्यंत. "आसपासच्या पाच माध्यमिक शाळांच्या मुख्याध्यापकांना भेटणे, अमुक विश्वस्त, १५ जानेवारी." पुढच्या सभेत पहिली दहा मिनिटं फक्त या नावांची. ज्याचं काम राहिलं त्याला ओरडायचं नाही, फक्त विचारायचं. आपलं नाव पुन्हा वाचलं जाणार हे माहीत असलं की माणूस सभेच्या आदल्या दिवशी का होईना, पण काम करतो.

मतभेद झाला तर तोही लिहा. "सर्वानुमते मंजूर" लिहिण्याची आपल्याला इतकी सवय आहे की विरोध करणाऱ्यालाही आपलं मत नोंदवा म्हणायचा संकोच वाटतो. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांत वेतन आणि बाहेरची प्राप्ती यांवरून तीव्र मतभेद झाले आणि टिळक १८९० मध्ये तिथून बाहेर पडले, तेव्हा त्यांनी आपली बाजू सविस्तर लिहून दिली. म्हणूनच आज इतक्या वर्षांनी आपण त्या वादाकडे व्यक्तींचं भांडण म्हणून न बघता तत्त्वाचा प्रश्न म्हणून बघू शकतो. तुमच्याकडे शुल्कवाढीला कुणाचा विरोध असेल तर दोन ओळींत कारणासह नोंदवा. ज्याचं मत लिहिलं गेलं तो माणूस ठराव विरोधात गेला तरी कामाला येतो. ज्याचं मत पुसलं गेलं तो बाहेर जाऊन बोलतो.

नंतर सही करण्याचा प्रकार मात्र आजपासून बंद करा. यात तडजोड नको. विश्वस्त बदलाचा अर्ज धर्मादाय उपआयुक्तांपुढे चालतो, तेव्हा सभेची नोटीस, हजेरी आणि इतिवृत्त हेच पुरावे असतात. सभेला नसलेल्या माणसाची सही वहीत आहे हे एकदा दिसलं, की खऱ्या ठरावांवरचाही विश्वास उडतो. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, झाली नाही तर नियमावलीत लिहिल्याप्रमाणे सभा तहकूब करा आणि तसं नोंदवा. त्या दोघांना अण्णांनी स्वतः फोन करावा, तुम्ही नको. यायला जमणार नसेल तर सन्मानाने मोकळं व्हा आणि सल्लागार म्हणून राहा, असं सांगावं. त्यांचे राजीनामे आले तर बदल अर्ज ९० दिवसांच्या आत जायला हवा. कुणी दिवंगत झालं असेल आणि नाव अजून धर्मादाय कार्यालयाच्या नोंदीत असेल, तर ते कामही याच वेळी हातावेगळं करा. वर्षानुवर्षं तुंबलेल्या बदल अर्जांमुळे चांगल्या संस्था अडकलेल्या मी पाहिल्या आहेत.

याच ओघात आणखी दोन बाबी. संस्थेची जमीन किंवा इमारत विकायची, जमीनजुमला वा इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने द्यायची, किंवा संस्थेच्या नावावर कर्ज काढायचं, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची परवानगी आधी लागते. (शेतजमिनीच्या भाडेपट्ट्याची मर्यादा दहा वर्षं आहे.) रिकाम्या खोल्या कुठल्या कंपनीला पाच वर्षांसाठी देऊ, अशी सूचना तुमच्या सभेत येईलच, तेव्हा हे लक्षात असू द्या. दुसरं, किराण्याचा पुरवठादार किंवा दुरुस्तीचा ठेकेदार एखाद्या विश्वस्ताचा भाऊ, जावई, भागीदार असेल, तर त्या विषयाला त्या विश्वस्ताने आपणहून सांगून बाहेर बसावं आणि तसं वहीत यावं. लहान गावात नातं नसलेला ठेकेदार मिळणं अवघड असतं, हे मला कळतं. नातं असण्यात काही वावगं नाही, ते सगळ्यांना माहीत असावं.

वेळेचं थोडक्यात. चारची सभा चारला सुरू करा, तीन माणसं असली तरी माहितीचे विषय घ्यायला लागा, गणपूर्ती झाल्यावर निर्णयाकडे वळा. सहाला संपवा. चहा-वडे शेवटी न ठेवता पाचला ठेवा. दहा मिनिटांच्या त्या उठण्या-बसण्यात अर्धे गैरसमज आपसूक मिटतात आणि नंतरची चर्चा सैल होते. परगावी मुलाकडे गेलेल्या विश्वस्ताला व्हिडिओवरून जोडून घेता येईल, पण त्याची हजेरी गणपूर्तीत धरता येते का, हे आधी तुमच्या नियमावलीत बघून घ्या. व्हॉट्सअ‍ॅप गटावर निर्णय घेऊ नका. तिथे नोटीस, कागद आणि फोटो एवढंच.

हे सगळं एका सभेत आणू नका. येत्या सभेला तीनच गोष्टी करा: रिकाम्या जागांचं एक पान, अण्णांची आधी भेट, आणि कागदावर मत लिहिण्याची फेरी. इतिवृत्त आणि व्हाउचरं या वेळी राहू द्या जुन्याच पद्धतीने. एकदा चांगली चर्चा झाली की वेळ अपुरा पडेल आणि वाचन कमी करा असं दुसरं कुणीतरीच म्हणेल. ते दुसऱ्याच्या तोंडून आलेलं बरं.

अण्णांनी नाही म्हटलं तर? काही वडीलधारे मनापासून नाही म्हणतात, कारण सभेची रीत बदलली तर आपलं काही उरणार नाही असं त्यांना वाटतं. तेव्हा हट्ट धरू नका. सभा आहे तशी चालू द्या आणि रिकाम्या जागांसाठी तिघांची उपसमिती मागा: तुम्ही, अधीक्षिका आणि अजून गप्प असलेला, पण गावोगाव ओळखी असलेला एखादा विश्वस्त. या समितीचा अहवाल सभेपुढे येईल तेव्हा त्यावर बोलावंच लागेल, आणि तो अण्णांच्या अध्यक्षतेखालीच आलेला असेल.

राहिला पद सोडण्याचा प्रश्न. मला वाटतं, पुढचे प्रवेश पूर्ण होईपर्यंत, म्हणजे जुलैपर्यंत, थांबा. हे तुमच्यावर उपकार म्हणून सांगत नाही. आज तुम्ही गेलात तर ती वही ज्याच्या हातात पडेल, त्याला १६ जागांची गोष्ट मुळापासून कळायला वर्ष जाईल आणि तेवढ्यात मुलींचा आणखी एक प्रवेश हुकेल. पण एकट्याने ओढू नका. तुमच्या बँकेतली नोकरी आणि घर सांभाळून हे काम एका माणसाचं नाही. याच सभेत सहकार्यवाह नेमण्याचा विषय नोटिशीत घाला. बाहेर शोधत बसू नका. तुमच्याच वसतिगृहात राहून शिकलेली, आता तालुक्यात शिक्षिका किंवा परिचारिका असलेली एखादी माजी विद्यार्थिनी असेलच. नियमावलीत तिला घेण्याची जागा आहे का ते बघा, नसेल तर निमंत्रित म्हणून बोलवा. पहिल्या दोन सभांत तिच्याकडे फक्त इतिवृत्त लिहिण्याचं काम द्या, म्हणजे तुमचे हात मोकळे राहतील आणि सभेत तुम्हाला स्वतःला बोलता येईल. सध्या लिहीत असल्यामुळे तुम्हीही गप्पच राहत असाल.